छातीतली उसण की हृदयाची कळ? वाचकांचे प्रश्न, आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांची उत्तरं

छातीत दुखतं म्हणून कॅज्युअल्टी गाठलेल्या आणि ‘हे स्नायूंचं दुखणं आहे’ असं ऐकून घरी परतलेल्या वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. हा अंक हातात असतानाच कोणाला छातीवर दाब, दरदरून घाम किंवा धाप जाणवत असेल, तर वाचत न बसता 108 ला फोन करावा.

प्रश्न : माझं वय 46. रात्री अकराच्या सुमारास छातीत डावीकडे दुखू लागलं म्हणून कॅज्युअल्टीत गेलो. डॉक्टरांनी बोटाने दाबलं तेव्हा नेमकं तिथेच दुखलं. तरीही दोन ईसीजी, दोनदा रक्ततपासणी आणि एक्स-रे करून पहाटे चारला ‘बरगडीच्या कूर्चेला (टोकाच्या मऊ हाडाला) सूज आहे’ असं सांगून सोडलं. दाबल्यावर दुखतंय हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. मग एवढे तास कशासाठी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दाबल्यावर दुखलं की हृदयविकाराची शक्यता बरीच कमी होते, पण संपत नाही. जोरात दाबलं तर कोणाचीही बरगडी दुखते. शिवाय हृदयाकडून येणाऱ्या वेदनेच्या नसा आणि छातीच्या भिंतीच्या नसा मज्जारज्जूत जवळपास त्याच पातळीवर पोहोचतात. त्यामुळे दुखणं हृदयाचं असलं तरी छातीची भिंत हुळहुळी लागू शकते. आणि कूर्चेची सूज व हृदयविकार एकाच माणसाला एकाच आठवड्यात होऊ नये, असा काही नियम नाही. फुप्फुसातल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेल्या काही रुग्णांनाही दाबल्यावर दुखतं.

म्हणून तपासणी कशी केली, याला महत्त्व आहे. गळ्याखालच्या खळगीपासून साधारण दोन इंच खाली छातीच्या मधल्या हाडावर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी येऊन मिळते. तिथून खाली एकेक बरगडी मोजत, हाड आणि कूर्चा जुळतात त्या प्रत्येक जागी एका बोटाने नख पांढरं पडेल एवढाच दाब द्यायचा, उजवीकडेही तसाच. मग विचारायचं, ‘ज्या दुखण्यासाठी तुम्ही आलात, तेच हे का?’ नुसतं ‘दुखतं का?’ विचारलं की बहुतेक जण ‘हो’ म्हणतात, आणि तो ‘हो’ फसवा असतो. त्यानंतर डावा हात छातीवरून उजव्या खांद्याकडे ओढून मान डावीकडे वळवायला सांगायची, दोन्ही हात मागून वर खेचून मान मागे न्यायला सांगायची, दीर्घ श्वास घ्यायला लावायचा. या हालचालींनी हुबेहूब तेच दुखणं जागं झालं, तर स्नायू-कूर्चेच्या निदानाला खरं बळ मिळतं.

आता त्या तासांचा हिशेब. छातीत दुखणाऱ्या माणसाचा पहिला ईसीजी दारातून आत आल्यापासून 10 मिनिटांत काढला जावा, असा जगभरचा दंडक आहे. पण झटका येत असतानाही पहिला ईसीजी साधा दिसू शकतो, म्हणून दुखणं चालू असेल किंवा बदलत असेल तर तो पुन्हा काढतात. रक्तात तपासतात ते ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात झिरपतं, पण त्याला वेळ लागतो. अकराला दुखू लागलेल्या माणसाचं साडेअकराचं रक्त निर्दोष येणं यात काहीच विशेष नाही. म्हणून दुसरा नमुना घेतात: नव्या, अतिसंवेदनशील चाचणीत एक ते तीन तासांनी, जुन्या पद्धतीच्या चाचणीत तीन ते सहा तासांनी. दोन्ही आकडे कमी हवेत आणि त्यांच्यात चढ नको.

यानंतर बरेच डॉक्टर ‘हार्ट’ गुणांकन वापरतात. दुखण्याची हकीकत, ईसीजी, वय, मधुमेह-रक्तदाब-तंबाखू-कोलेस्टेरॉल-घराण्यातला इतिहास असे धोके, आणि ट्रोपोनिन या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण. 45 ते 64 वयाला एक गुण असतो, म्हणजे तुमचा एक तिथेच लागला. एकूण 3 किंवा कमी गुण आणि दोन्ही ट्रोपोनिन निर्दोष असतील, तर पुढच्या सहा आठवड्यांत हृदयाचा मोठा प्रसंग ओढवण्याची शक्यता शंभरात दोनच्या आतबाहेर राहते. घरी पाठवायला हा आधार पुरेसा आहे. एक्स-रे काढला तो फुप्फुसाभोवती हवा साठली आहे का, न्यूमोनिया आहे का, हे बघायला; कूर्चेची सूज त्यात दिसत नाही.

तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं. पाच मिनिटांत बोट लावून, इंजेक्शन देऊन घरी पाठवलं असतं, तर तक्रार करायला जागा होती.

प्रश्न : वय 52. उच्च रक्तदाबाची गोळी चालू आहे, अ‍ॅसिडिटीचा जुना त्रास आहे. सगळ्या तपासण्यांनंतर ‘कॉस्टोकाँड्रायटिस’ असं निदान झालं. वेदनाशामक गोळ्या दिल्या आहेत. त्या किती दिवस घ्याव्या? दोन आठवडे झाले, दुखणं अजून पूर्ण गेलेलं नाही. (एक वाचक भगिनी, सोलापूर)

उत्तर : दोन आठवडे म्हणजे फार नाही. बरगडी आणि छातीचं मधलं हाड यांना जोडणाऱ्या कूर्चेच्या सांध्यांशी हा त्रास असतो, बहुधा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या टोकाला, आणि एकापेक्षा जास्त जागी. हे सांधे दर श्वासाला हलतात. घोट्यासारखी त्यांना विश्रांती देता येत नाही. त्यामुळे काही आठवडे लागतात, कधी काही महिने, आणि मधूनच पुन्हा डोकं वर काढतं. आधीचा जुनाट खोकला, जड उचलणं, घर बदलताना केलेली ओढाताण हे मागे असू शकतं. पुष्कळदा कारण सापडतही नाही.

गोळ्यांबाबत मात्र तुमच्यासाठी जपून बोलायला हवं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक ही औषधं रक्तदाब वाढवतात, जठराच्या आवरणाला इजा करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ हे अक्षर असेल, तर त्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध आहे. टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन, त्यासोबत लघवीचं औषध आणि वर वेदनाशामक, हे त्रिकूट मूत्रपिंडाला विशेष घातक ठरतं. उन्हाळ्यात, जुलाब झालेले असताना तर फारच. म्हणून तुमच्या बाबतीत सुरुवात पॅरासिटॅमॉलने करावी: 650 मिलिग्रॅमची एक गोळी दर सहा तासांनी, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार किंवा रोजचं मद्यपान असेल तर याहून कमी, डॉक्टर सांगतील तेवढी. दुकानात सर्रास मिळणाऱ्या अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या जोडगोळीत 325 मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल आधीच असतं. ती आणि तापाची 650 ची गोळी एकाच दिवशी घेणाऱ्यांच्या ते लक्षात येत नाही.

डायक्लोफेनॅकचं जेल दुखऱ्या जागी दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी साधारण 2 ग्रॅम, हलक्या हाताने लावा. रगडू नका. जेल लावलेल्या जागेवर गरम पिशवी ठेवू नका. त्वचा भाजते आणि औषधही जास्त शोषलं जातं. शेक वेगळ्या वेळी, कापडातून, 15 ते 20 मिनिटं. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेल्यांनी शेकाचं तापमान दुसऱ्याकडून तपासून घ्यावं.

तीव्र दुखणं ओसरलं की दाराच्या चौकटीत उभं राहून दोन्ही कोपरं खांद्याच्या उंचीवर चौकटीला टेकवा, एक पाऊल पुढे टाका, छातीला ताण जाणवेल तिथे 30 सेकंद थांबा. तीनदा, सकाळ-संध्याकाळ. कळ आली तर कोपरं थोडी खाली घ्या. भरलेला हंडा, गॅसचं सिलिंडर, पाट्यावरचं वाटण आणि धुण्याचे पिळे हे मात्र महिनाभर दुसऱ्या कोणाकडे सोपवा. इथे घरच्यांनी हात लावावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. औषधाइतकाच या कामांपासून सुटका मिळण्याचा उपयोग होतो.

दुखऱ्या जागी डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल अशी सूज असेल तर तो टीट्झेचा आजार असू शकतो. जर्मन शल्यचिकित्सक अलेक्झांडर टीट्झे यांनी 1921 मध्ये त्याचं वर्णन केलं. तो बहुधा चाळिशीच्या आतल्यांना आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या बरगडीपाशी एकाच जागी होतो. सूज वाढत गेली, त्वचा लाल झाली, ताप आला, तर मात्र क्षयाची किंवा इतर जंतूंची लागण, गाठ हे बघावं लागतं. स्तनात गाठ लागत असेल तर तिला कूर्चा समजून गप्प बसू नका.

प्रश्न : वडील 71 वर्षांचे. न्हाणीघरात पाय घसरून पडले. उजव्या कुशीत ‘उसण भरली’ म्हणतात. शिंकलं तरी ओरडतात. गावातल्या पायाळू माणसाकडून पाय लावून घ्यायचा आणि छातीला पट्टा बांधायचा, असं घरात ठरतंय. एक्स-रेत फ्रॅक्चर दिसलं नाही. (सातारा जिल्हा)

उत्तर : पाय लावून घेऊ नका. पडल्यानंतर, श्वास आणि शिंकेसरशी एका जागी येणारी कळ म्हणजे बरगडीला चीर आहे असंच धरून चालावं. साध्या एक्स-रेत बरगडीच्या बऱ्याच चिरा दिसतच नाहीत, विशेषतः सुरुवातीला. एक्स-रे मुख्यतः फुप्फुसाभोवती हवा किंवा रक्त साठलं आहे का हे बघायला असतो. ठिसूळ हाडांवर लाथ किंवा जोराची मालिश बसली, तर चिरेचा तुकडा होऊन तो आत टोचू शकतो.

पट्टाही नको. पूर्वी बांधत असत, आता मुद्दाम बांधत नाहीत. आवळलेल्या छातीने श्वास उथळ होतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, कफ साठतो आणि चार-पाच दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो. या वयात बरगडीपेक्षा त्याचाच धोका मोठा. याच कारणासाठी दुखणं ‘सहन करणं’ चुकीचं आहे. पॅरासिटॅमॉल नियमित वेळांना द्या, दुखेल तेव्हा नव्हे. त्याने भागलं नाही तर डॉक्टरांना सांगून पुढचं औषध घ्या. खोकताना उशी दुखऱ्या बाजूला घट्ट धरायला सांगा.

मेडिकलच्या दुकानात तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र मिळतं, ते आणा. पुष्कळ लोक त्यात फुंकर मारतात. ते आत ओढण्यासाठी आहे. टेकून बसून पूर्ण श्वास सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, सावकाश आत ओढून चेंडू वर न्यायचे आणि तीन सेकंद धरायचे. जागेपणी दर तासाला दहा वेळा. पहिल्या दिवशी एकच चेंडू उचलला गेला तरी हरकत नाही.

पुन्हा रुग्णालयात नेण्याच्या खुणा: धाप, ताप, थुंकीत रक्त, चक्कर, पोटात दुखणं. उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांमागे यकृत असतं, डाव्या बाजूला प्लीहा. वडील रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर खुणांची वाट न पाहता दाखवा. एकाहून जास्त बरगड्या गेल्या असतील, तर या वयात भरती होऊन राहणंच बरं. हाड जुळायला सहा आठवडे लागतील. आणि ते का पडले, याचाही शोध घ्या. नुसती ओली फरशी, की आधी चक्कर आली होती?

न पडताही बरगडी मोडू शकते. आठवडे चाललेल्या खोकल्याने, साधारण पाचव्या ते नवव्या बरगडीत कुशीकडे चीर पडते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयासाठी थुंकी तपासायलाच हवी; सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

प्रश्न : मुलगा 15 वर्षांचा. अभ्यासाला बसलेला असताना अचानक छातीत डावीकडे सुई टोचल्यासारखं होतं, श्वास घेता येत नाही म्हणतो, आणि मिनिटभरात सगळं ठीक. ईसीजी चांगला आहे. (पुणे)

उत्तर : वर्णन ‘प्रीकॉर्डियल कॅच’ या निरुपद्रवी प्रकाराशी जुळतं. वाढत्या वयात, बसलेले असताना, विशेषतः पोक काढून बसल्यावर, एका बोटाने दाखवता येईल एवढ्या जागी कळ येते. काही सेकंदांपासून तीन मिनिटांपर्यंत राहते. उथळ श्वास घेत सरळ बसावं. कधी एक मोठा श्वास ठामपणे घेतला की सुटते. औषध लागत नाही. खेळताना किंवा धावताना दुखलं, शुद्ध हरपली, छातीत धडधडून चक्कर आली, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर मात्र हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. उंच, सडपातळ मुलाला अचानक एका बाजूला दुखून धाप लागली आणि ती राहिली, तर फुप्फुसातून हवा सुटल्याची शंका घेऊन लगेच एक्स-रे.

प्रश्न : मुलीला सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार, एसएस प्रकार) आहे. बरगड्यांत दुखतं तेव्हा हाडांचं नेहमीचं म्हणून घरीच गोळी देतो. किती वेळ वाट पाहावी? (गडचिरोली)

उत्तर : छातीचं दुखणं असेल तर वाट पाहू नका. सिकल सेलमध्ये बरगडीच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून खरोखरच हाड दुखतं. पण त्या दुखण्याने मूल उथळ श्वास घेतं, आणि दोन-तीन दिवसांत फुप्फुस बाधित होऊन ‘अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम’ होऊ शकतो. सिकल सेलमधल्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी हे एक आहे. सुरुवातीचा एक्स-रे साधा असू शकतो. छातीत दुखणं, 101 फॅरनहाइटच्या वर ताप, खोकला, भरभर श्वास, यातलं काहीही दिसलं की थेट ऑक्सिजन आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात जा. सिकल सेलचं कार्ड सोबत न्या. वर सांगितलेलं तीन चेंडूंचं यंत्र अशा मुलांमध्ये फुप्फुसाचा त्रास टाळायला उपयोगी ठरलं आहे: दुखणं चालू असेपर्यंत जागेपणी दर दोन तासांनी दहा श्वास.

प्रश्न : आईला (वय 66) पाठीपासून डाव्या स्तनाखालपर्यंत पट्ट्यासारखी आग होते. ईसीजी, ट्रोपोनिन चांगले. ‘मसल पेन’ लिहून दिलं. दुखरी जागा दाबली तर फारसं दुखत नाही, पण पदर घासला तरी सहन होत नाही. (सांगली)

उत्तर : हे वर्णन स्नायूचं वाटत नाही. दाबापेक्षा हलक्या स्पर्शाने जास्त दुखणं, आणि एकाच बाजूला पट्टा, हे नसेचं लक्षण आहे. नागीण असावी. पुरळ येण्याआधी दोन-चार दिवस नुसती आगच होते, आणि त्या काळात कॅज्युअल्टीतून असे रुग्ण ‘स्नायू’ म्हणून परत जातात. रोज उजेडात पाठ आणि काख तपासा. पाण्याचे बारीक फोड दिसले की 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू व्हायला हव्यात. पुढे महिनोन्‌महिने रेंगाळणारी आग त्यांनी टळतेच असं नाही, पण आजार लवकर आटोक्यात येतो. लेप लावण्यात हे तीन दिवस घालवू नका. पुरळ आलंच नाही आणि पट्टा तसाच राहिला, तर पाठीच्या मणक्याचा फोटो काढा. ठिसूळपणाने दबलेला मणका आणि मणक्याचा क्षय दोन्ही असंच दुखवतात. पायांत जोर कमी वाटला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय.

प्रश्न : आमच्याकडे छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) ठेवतात. थांबलं तर हृदयाचं, नाही थांबलं तर गॅस किंवा स्नायू. ही परीक्षा बरोबर आहे का? (रत्नागिरी)

उत्तर : नाही. सॉर्बिट्रेटने अन्ननलिकेच्या पेटक्याचं दुखणंही थांबतं आणि खऱ्या झटक्याचं पुष्कळदा थांबत नाही. जेल्युसिलने बरं वाटलं म्हणून गॅस, डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनने थांबलं म्हणून स्नायू, हे दोन्ही निष्कर्ष तितकेच धोक्याचे. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका पोटाच्या वर जळजळ, मळमळ घेऊन येतो. आणि ज्याला झटकाच येतो आहे त्याला डायक्लोफेनॅक देणं हानिकारक आहे. स्त्रिया, मधुमेही आणि वृद्ध यांना छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप, घाम, विलक्षण थकवा एवढंच जाणवू शकतं.

सॉर्बिट्रेट हे ज्याला डॉक्टरांनी दिलं आहे त्याचं औषध. उभ्याने घेतलं तर रक्तदाब कोसळून माणूस पडतो. गेल्या 24 तासांत सिल्डेनाफिल किंवा 48 तासांत टॅडालाफिल (पुरुषांच्या लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्या) घेतलं असेल तर सॉर्बिट्रेट जिवावर बेतू शकतं, आणि अशी गोळी घेतल्याचं पुरुष घरच्यांसमोर सांगत नाहीत. एकांतात विचारा.

छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटणं, दुखणं दोन्ही हातांत किंवा जबड्यात जाणं, चढावर वाढून थांबल्यावर कमी होणं, सोबत घाम किंवा उलटी, यातलं काही असेल तर माणसाला बसवा, 108 ला फोन करा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर 300 ते 325 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या. पाठीत फाडल्यासारखी कळ असेल तर अ‍ॅस्पिरिन देऊ नका. महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) चिरल्याची शक्यता असते. रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नका.

प्रश्न : महिन्यापूर्वी सगळं तपासून ‘स्नायूंचं’ ठरलं. अधूनमधून तसंच दुखतं. दर वेळी कॅज्युअल्टीत जायचं का? (कोल्हापूर)

उत्तर : तीच जागा, तसंच दुखणं, हालचालीने किंवा दाबाने जागं होणारं, बाकी काही नाही: घरी उपचार करा आणि आठवड्याभरात आपल्या डॉक्टरांना दाखवा. दुखण्याची जात बदलली, म्हणजे टोचण्याऐवजी दाब आला, चालल्यावर येऊ लागलं, धाप किंवा घाम जोडीला आला, तर जुन्या निदानावर विसंबून घरी बसू नका. प्रवास, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण होऊन गेलं असेल आणि एक पाय सुजला असेल, तरीही घरी बसू नका; पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.

जाताना मागचे कागद न्या. जुना ईसीजी शेजारी ठेवला की नवा बदल पटकन ओळखता येतो. ट्रोपोनिनचे आकडे त्यांच्या वेळांसकट, चाचणीच्या नावासह लिहून मागा. नुसतं ‘निगेटिव्ह’ पुरेसं नाही. ईसीजीचा कागद बहुधा उष्णतेने छापलेला असतो आणि वर्ष-दोन वर्षांत पुसट होतो. जपायचा म्हणून लॅमिनेट केला तर यंत्राच्या उष्णतेने सबंध काळा पडतो. त्याची झेरॉक्स काढून ठेवा, आणि मोबाइलमध्ये सपाट, सावली न पडलेला फोटो.